एसीएलएसचे कार्ड आणि रात्रपाळीची परिचारिका

२०२५च्या ऑक्टोबरात हृदयक्रिया बंद पडण्याविषयीच्या दोन बातम्या एकाच महिन्यात आल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभर ‘सीपीआर जागृती सप्ताह’ पाळला. शाळा, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालयांत पुतळ्याच्या छातीवर दाब देणाऱ्या लोकांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्याच महिन्यात अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या दुसऱ्या बातमीला मराठी वर्तमानपत्रांत फारशी जागा मिळाली नाही. तिचा खरा वाचक परिचारिकांच्या वसतिगृहांत आणि ड्युटी रूममध्ये होता. ज्या परिचारिकांनी पुढील महिन्याच्या एसीएलएस अभ्यासक्रमासाठी नाव नोंदवले होते, त्यांच्यासमोर प्रश्न अगदी रोकडा होता: हातातले जुने पुस्तक आता चालेल की नाही?

एसीएलएस म्हणजे हृदयक्रिया बंद पडलेल्या किंवा बंद पडण्याच्या बेतात असलेल्या रुग्णावर करावयाच्या प्रगत उपचारांचे प्रशिक्षण. भारतात ते साधारणतः दोन दिवसांचे असते. त्याआधी बीएलएस, म्हणजे मूलभूत जीवनरक्षणाचा अभ्यासक्रम, पुरा झालेला असावा लागतो. लेखी परीक्षेत किमान ८४ टक्के गुण हवेत. शिवाय ‘मेगाकोड’ नावाची प्रात्यक्षिक परीक्षा असते. तीत उमेदवाराला गटप्रमुख होऊन, मिनिटागणिक रूप बदलणाऱ्या कृत्रिम रुग्णाला हाताळावे लागते. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे कार्ड दोन वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करावे लागते. अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत आणि आखातातील अनेक रुग्णालयांत हे कार्ड नसेल तर परिचारिकेच्या अर्जाचा विचारच होत नाही. भारतात तीस लाखांहून अधिक नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविका आहेत, आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे हे कार्ड येथे पुष्कळदा व्हिसाच्या कागदपत्रांपैकी एक म्हणून ओळखले जाते. दुखणे नेमके येथूनच सुरू होते.

मराठी निधनवार्तांत ‘हृदयक्रिया बंद पडून’ हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो शास्त्रीयदृष्ट्या आश्चर्यकारकरीत्या अचूक आहे. हृदयविकाराचा झटका ही रक्तवाहिनी तुंबण्याची घटना आहे. त्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, घाम पुसतो. हृदयक्रिया बंद पडणे ही त्यापुढची गोष्ट. पहिल्या घटनेतून दुसरी उद्भवू शकते. ती इतर डझनभर कारणांनीही उद्भवते. अलीकडच्या काळात तरुणांच्या अकस्मात मृत्यूंच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरल्या आणि लसीवरचा वाद पेटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांत केलेल्या अभ्यासात कोविड लसीमुळे असा मृत्यू होण्याचा धोका वाढल्याचे आढळले नाही, हे केंद्र सरकारने जुलै २०२५मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्या साऱ्या गदारोळात चर्चा व्यायामशाळेची झाली, लग्नमंडपाची झाली, क्रिकेटच्या मैदानाचीही झाली. रुग्णालयाच्या खाटेवरच ज्याची हृदयक्रिया बंद पडते त्याच्यासाठी पहिल्या दोन मिनिटांत कोण धावते आणि त्या व्यक्तीची कितपत तयारी असते, हे कोणी विचारले नाही. जणू रुग्णालयात आलेला माणूस आपोआपच सुरक्षित हाती असतो!

वास्तवात वॉर्डात रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्री दोन वाजता कोणत्याही गर्दीच्या वॉर्डात डोकावणाऱ्याला हा निकष कागदावरच दिसेल. निवासी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतो, कधी दुसऱ्या इमारतीत. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत निव्वळ थरथर उरली, ज्याला व्हीएफ म्हणतात, आणि छातीदाब मिळाला नाही, तर विजेच्या धक्क्याने जीव वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे डॉक्टर जिना चढून येईपर्यंतचा काळ हा उपचाराचाच काळ असतो, आणि तो परिचारिकेच्या हाती असतो.

याविषयी एक लहानसा, पण बोलका अभ्यास आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका रुग्णालयात ज्यांची हृदयक्रिया बंद पडल्याचे प्रथम परिचारिकेच्या लक्षात आले, अशा ११७ रुग्णांची नोंद तपासण्यात आली. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. एसीएलएस प्रशिक्षित परिचारिकेने शोधलेल्या ८८ रुग्णांपैकी ३३ जण जिवंत घरी गेले. अप्रशिक्षित परिचारिकेने शोधलेल्या २९ पैकी तिघे. आकडे थोडे आहेत, रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि प्रशिक्षित परिचारिका बहुधा अधिक सुसज्ज विभागांत असणार, हे सारे मान्य करावे लागेल. तरीही ३८ टक्के आणि १० टक्के यांतले अंतर केवळ योगायोग म्हणून झटकून टाकण्याजोगे नाही. विशेष असे की त्या रुग्णालयातही पुढे डॉक्टर आणि पथक येतच होते. फरक पडला तो ते येण्यापूर्वीच्या मिनिटांत.

आता भारतातील तयारीचे चित्र पाहावे. अभ्यासक्रमाचे शुल्क हजारांत असते आणि ते बहुतेक ठिकाणी परिचारिकेच्याच खिशातून जाते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये वेतन असावे अशी शिफारस केली होती. ती शिफारस अनेक ठिकाणी अजून शिफारसच आहे. अशा पगारातून शुल्क भरायचे, दोन दिवसांची रजा स्वतःच्या खात्यातून टाकायची, पाळी बदलून घेण्यासाठी सहकारिणीची मनधरणी करायची, आणि रात्रपाळी करून सकाळी थेट प्रशिक्षण केंद्रात जाऊन बसायचे. उत्तीर्ण झाल्यावर तेच रुग्णालय आपल्या मानांकनाच्या तपासणीत ‘आमच्याकडे इतके कर्मचारी प्रशिक्षित’ असा तक्ता अभिमानाने मांडते. तक्ता रुग्णालयाचा असेल तर शुल्कही रुग्णालयाचेच असले पाहिजे. यात उपकाराचा प्रश्न नाही. अग्निशमन यंत्राचा खर्च कोणी वॉर्डबॉयच्या पगारातून कापत नाही.

शुल्क स्वतःचे गेल्यामुळे नापास होण्याची भीती वाढते, आणि भीतीपोटी तयारीची दिशाच चुकते. मोबाइलवर ‘हमखास येणारे प्रश्न’ फिरू लागतात. कोठल्या तरी जुन्या आवृत्तीतील उत्तरे पाठ होतात. मार्गदर्शक तत्त्वे बदलत असतात, ही गोष्ट अशा पाठांतरात हरवते. २०१० साली श्वसनमार्गाऐवजी छातीदाबाला पहिला क्रम मिळाला आणि ॲट्रोपिन हे औषध सपाट रेषेच्या उपचारातून बाहेर गेले. २०१५ साली व्हॅसोप्रेसिन गेले. २०२० साली हृदयगती मंदावल्यावर द्यावयाचा ॲट्रोपिनचा पहिला डोस अर्ध्या मिलिग्रॅमवरून एक मिलिग्रॅम झाला. पाठांतरात डोस उरतो, त्यामागचे कारण उरत नाही. मग प्रश्नाची भाषा जरा बदलली की गाडी अडते. त्यात अभ्यासक्रम इंग्रजीत. जीएनएमचे शिक्षण मराठी, हिंदी किंवा ओडिया वातावरणात झालेल्या, वॉर्डातील काम वर्षानुवर्षे चोख करणाऱ्या परिचारिकेला हृदयगतीची आकृती पाहून रुग्णाला काय होते आहे ते अचूक समजते. पण चार इंग्रजी पर्यायांतून ‘पुढील सर्वांत योग्य कृती’ निवडताना ती अडखळते. हा भाषेचा अडथळा ज्ञानाची उणीव म्हणून नोंदवला जातो, हा अन्याय आहे.

तयारीत सर्वाधिक वेळ कशाला द्यावा, याविषयीची सर्वसाधारण समजूतही उलटी आहे. एसीएलएस म्हटले की औषधे आठवतात. ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. तिसऱ्या धक्क्यानंतर ॲमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम, नंतर १५०. हे यायलाच हवे. परंतु औषधांनी किती साधते, याचे पुरावे नम्र करणारे आहेत. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲड्रेनॅलिन मिळालेल्यांपैकी ३.२ टक्के, तर खारे पाणी मिळालेल्यांपैकी २.४ टक्के तीस दिवसांनंतर जिवंत होते. मेंदू चांगल्या स्थितीत राहून वाचणाऱ्यांच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक आढळला नाही. त्याआधी २००४ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा अनुभव प्रसिद्ध झाला होता. तेथे रुग्णालयाबाहेर त्वरित विद्युतधक्क्याची व्यवस्था आधीच होती. तीत नळी आणि औषधे यांची प्रगत सेवा जोडली, तरी जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. हे दोन्ही अभ्यास रुग्णालयाबाहेरचे आहेत, वॉर्डाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण पायाभूत गोष्ट कोणती, हे त्यांतून कळते. छातीदाब आणि लवकर दिलेला धक्का हा पाया आहे. ‘प्रगत’ या शब्दाच्या मोहात पायाकडे दुर्लक्ष करणारी तयारी फसवी ठरते.

आणि हा पाया दिसतो तितका सोपा नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब. किमान पाच सेंटिमीटर खोल, सहाच्या पलीकडे नाही. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. थांबायचे झाले तर दहा सेकंदांच्या आत पुन्हा सुरू. दर दोन मिनिटांनी हात बदलायचे. दोन मिनिटे असा दाब देऊन पाहिलेला माणूस पुन्हा चित्रपटातील सीपीआर गंभीरपणे पाहू शकत नाही. प्रशिक्षण केंद्रात पुतळा जमिनीवर किंवा टेबलावर असतो. वॉर्डात रुग्ण मऊ गादीवर असतो, कधी हवेच्या गादीवर. दाब छातीऐवजी गादीत मुरतो. खाट उंच, परिचारिका पाच फुटांची. म्हणून पाठीखाली सारायची फळी कोठे आहे, पायाखाली घ्यायचे स्टूल कोठे आहे, हवेची गादी झटकन रिकामी करण्याची कळ कोणती, हे ठाऊक असणे हाही एसीएलएसच्या तयारीचाच भाग मानला पाहिजे. कोणत्याही परीक्षेत हे विचारत नाहीत.

क्रॅश कार्टचेही तसेच. अमेरिकन पुस्तकात ॲड्रेनॅलिन दहा मिलिलिटरच्या, आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये असते. भारतीय वॉर्डात ते एक मिलिलिटरच्या काचेच्या ॲम्प्यूलमध्ये येते. मिलिग्रॅम एकच, पण ॲम्प्यूल फोडणे, ओढणे आणि मागून वीस मिलिलिटर सलाइन ढकलणे या कृती घाईत थरथरत्या बोटांनी करायच्या असतात. ॲमिओडॅरोनचा ॲम्प्यूल १५० मिलिग्रॅमचा. पहिल्या डोसला दोन फोडावे लागतात. ॲट्रोपिनची गंमत तर याहून मोठी: पुस्तक म्हणते १ मिलिग्रॅम, आणि भारतात नेहमी मिळणारा ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचा. तिथल्या तिथे हिशेब करायचा तर १ मिलिग्रॅम म्हणजे १.६७ मिलिलिटर. पहाटे साडेतीनला हा भागाकार करण्याची वेळ कोणावरही येऊ नये. तो आधी करून, मोठ्या अक्षरांत लिहून, कार्टच्या झाकणावर चिकटवलेला असावा. एखाद्या इनचार्ज सिस्टरने अर्धा तास बसून असा तक्ता केला, तर तिने महागड्या कार्यशाळेइतके काम केले असे खुशाल म्हणावे.

डिफिब्रिलेटरच्या बाबतीत अडचण यंत्राच्या अनोळखीपणाची असते. केंद्रातले यंत्र एका कंपनीचे, वॉर्डातले दुसऱ्या. एकाच रुग्णालयात तीन मजल्यांवर तीन नमुने सापडतात. काही ठिकाणी अजून जुनी एकदिश यंत्रे आहेत, ज्यांत ३६० ज्यूल लागतात; नव्या द्विदिश यंत्रांत उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे १२० ते २००. ‘सिंक’ची कळ चुकून दाबलेली राहिली, तर यंत्र थरथरत्या हृदयात नियमित ठोका शोधत बसते आणि धक्का सुटतच नाही. सारे मागे सरकून उभे, बटण दाबलेले, आणि काहीच होत नाही! ही चूक बुद्धीची नव्हे, सवयीची आहे. आणि सवय आपल्या यंत्राजवळ उभे राहूनच लागते.

ईसीजीच्या आकृत्यांचा धाक परिचारिकांना सर्वांत जास्त असतो. खरे तर हृदयक्रिया बंद पडल्यावर प्रश्न एकच उरतो: धक्का द्यायचा की नाही? व्हीएफ आणि नाडीविरहित व्हीटी यांत द्यायचा. सपाट रेषेत आणि पीईएमध्ये नाही. यांतले पीईए हे फसवे प्रकरण. पडद्यावर सुरेख, नियमित आकृती दिसत राहते आणि मनगटाला, मानेला नाडी नसते. पडद्यावर विश्वासलेला माणूस येथे निश्चिंत राहतो. तसाच दुसरा सापळा अखेरच्या आचक्यांचा. हृदय थांबल्यावरही काही रुग्ण काही काळ अधूनमधून जबडा उघडून हवा घेतल्यासारखे करतात, आणि ‘श्वास चालू आहे’ असे समजून मोलाची मिनिटे जातात. या दोन सापळ्यांतून जी परिचारिका सुटली, तिला दुसऱ्या अंशाच्या अवरोधाचे दोन उपप्रकार ओळखताना क्षणभर थांबावे लागले तरी रुग्णाचे फार बिघडत नाही. शिक्षकांनी हा अग्रक्रम उघडपणे सांगितला, तर धाक पुष्कळ कमी होईल.

तयारीची आणखी एक बाजू अशी की रुग्णालयातील हृदयक्रिया अनेकदा पूर्वसूचना देऊन बंद पडते. आधीच्या काही तासांत श्वास वाढलेला असतो, रक्तदाब उतरत असतो, रुग्ण ‘कसेतरीच वाटते’ म्हणत असतो. या खुणा नोंदवहीत परिचारिकेच्याच अक्षरात असतात. म्हणून रुग्णालयातील जीवनरक्षणाच्या साखळीची पहिली कडी लक्ष ठेवणे आणि प्रसंग टाळणे ही मानली गेली. पण ‘डॉक्टर, या रुग्णाला पाहायला आत्ता या’ असे ठामपणे म्हणण्याचे बळ अभ्यासक्रम देतो आणि वॉर्डाची उतरंड हिरावून घेते. श्वास मिनिटाला तीसवर गेला आहे असे कळवणाऱ्या सिस्टरला ‘एवढ्यासाठी उठवलेत?’ असे ऐकावे लागले, तर पुढच्या वेळी ती फोन करण्यापूर्वी दहा मिनिटे विचार करील. त्या दहा मिनिटांवर कोणतेही कार्ड इलाज करू शकत नाही.

अधिकाराचा मुद्दा येथे येतोच. १९६० साली जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी बंद छातीवरून हृदयाला दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांतील कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता होते, डॉक्टर नव्हते, हे जाता जाता सांगण्यासारखे. त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी बनवणारे लार्डल यांनी ‘ॲनी’ हा सरावाचा पुतळा घडवला, आणि जगभरच्या परिचारिका त्यावर शिकू लागल्या. पुढे साठीच्या दशकात हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र दक्षता कक्ष निघाले. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर या डॉक्टरांनी आणि रोझ पिनिओ या परिचारिकेने असा कक्ष परिचारिकांच्या भरवशावर उभा केला. आकृती ओळखायची आणि डॉक्टरची वाट न पाहता धक्का द्यायचा, हे काम परिचारिकांनी करून दाखवले. १९६५ साली त्यांचे परिचारिकांसाठीचे पुस्तकही निघाले. केवळ यंत्रे एका खोलीत आणल्याने मृत्यू घटले नाहीत. यंत्राशेजारी असलेल्या माणसाला ते वापरण्याची मुभा दिल्यावर घटले. साठ वर्षांपूर्वी मिटलेला हा वाद आजही कित्येक भारतीय रुग्णालयांत मिटलेला नाही. परिचारिकेकडे एसीएलएसचे कार्ड असते आणि ‘धक्का डॉक्टरच देतील’ असा अलिखित नियमही असतो. अलिखित नियमाची गैरसोय ही, की तो पाळून रुग्ण दगावला तर परिचारिकेने ‘काही केले नाही’ म्हणून बोल बसतो, आणि मोडला तर ‘कोणाच्या परवानगीने’ म्हणून. प्रशिक्षित परिचारिकेने डॉक्टर येईपर्यंत कोणत्या गोष्टी स्वतःच्या निर्णयाने कराव्यात, हे प्रत्येक रुग्णालयाने लेखी आदेशात, सही-शिक्क्यानिशी सांगितले पाहिजे. तसा आदेश नसताना कर्मचाऱ्यांना एसीएलएसला पाठवणे म्हणजे पोहायला शिकवून पाण्यात उतरायला बंदी करणे होय.

उलट बाजूचा आदेशही तितकाच आवश्यक. ज्या रुग्णाला बरे होण्याची शक्यता उरलेली नाही, त्याच्यावर हे सारे करायचे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली पुनरुज्जीवन न करण्याच्या निर्णयाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांत निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलून, लेखी घ्यावा असे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा सायंकाळच्या पाळीत कानात सांगितले जाते, ‘फार करू नका.’ रात्री परिचारिका एकटी असते आणि कागदावर काहीच नसते. मग नातेवाइकांसमोर दाखवण्यापुरता, मंद छातीदाब दिला जातो. त्यात रुग्णाचा सन्मान नाही आणि परिचारिकेचाही नाही. तोंडी सूचनेवर असा प्रसंग तिच्या अंगावर टाकण्याचा अधिकार कोणाही वरिष्ठाला असू नये.

हा अभ्यासक्रम अमेरिकेचाच का, असा आक्षेप घेतला जातो. परदेशी जाणाऱ्यांना दुसरा पर्याय नाही, हे खरे. पण येथेच राहणाऱ्यांसाठी पर्याय आहेत आणि ते दुय्यम नाहीत. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने २०१७ साली तीन पातळ्यांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली: सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाची, प्रशिक्षितांसाठी मूलभूत, आणि रुग्णालयांसाठी सर्वंकष जीवनरक्षणाची. २०२२ साली तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या हस्ते डॉक्टर, परिचारिका आणि सहायक कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्कालीन जीवनरक्षण अभ्यासक्रमाचा आरंभ झाला. बीएस्सी नर्सिंगच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात मूलभूत जीवनरक्षणाचा घटक अनिवार्य झाला. पाया घातला गेला आहे. अडते ते वरच्या मजल्यावर. जीएनएम होऊन पंधरा वर्षे झालेल्या, जिल्हा रुग्णालयात किंवा वीस खाटांच्या खाजगी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेपर्यंत यांतले काय पोहोचते? तिच्या भाषेत पोहोचते का? ०.६ मिलिग्रॅमचा ॲम्प्यूल आणि हवेची गादी तिथल्या धड्यात असते का? अभ्यासक्रम स्वदेशी आहे याचा अभिमान बाळगायचा, तर तो या प्रश्नांच्या उत्तरांवर बाळगावा.

शिकलेले कौशल्य टिकते किती, हा प्रश्नही कार्डाच्या दोन वर्षांच्या मुदतीमागे झाकला जातो. सराव नसेल तर छातीदाबाचा दर्जा काही महिन्यांतच घसरू लागतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशननेही दर तिमाहीला थोड्या थोड्या सरावाचा कार्यक्रम सुरू केला. भारतीय रुग्णालयाला त्यासाठी परदेशी कार्यक्रम विकत घेण्याची गरज नाही. एक पुतळा, मिनिटाला ११० ठोके देणारे मोबाइलमधील फुकटचे ॲप, आणि महिन्यातून एकदा पाळी बदलताना दहा मिनिटे. दोघींनी दोन-दोन मिनिटे दाब द्यायचा, तिसरीने वेळ मोजायची, चौथीने कार्ट उघडून ॲड्रेनॅलिन हातात घेतल्याचे मोठ्याने सांगायचे. ‘एक मिलिग्रॅम दिले, वेळ दोन वाजून चौदा मिनिटे.’ ऐकल्याची पोच दुसऱ्याने मोठ्याने द्यायची. हे बोलणे पहिल्यांदा नाटकी वाटते आणि सगळ्या हसतात. पाचव्यांदा वाटत नाही. या सरावात डॉक्टरांनीही उभे राहावे, आणि एखाद्या महिन्यात गटप्रमुख परिचारिका असावी आणि निवासी डॉक्टरने छातीदाब द्यावा. असे एकदा झाले की खऱ्या प्रसंगी ‘दाब थांबू नका’ असे डॉक्टरला सांगताना तिची जीभ अडखळणार नाही.

१९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला. परिचारिकांच्या शिक्षणाचे, सेवेचे आणि व्यवसायाचे निकष ठरवणे हे नव्या आयोगाचे काम आहे. जीवनरक्षणाच्या प्रगत प्रशिक्षणाचा खर्च आणि त्यासाठीची रजा नियोक्त्याने द्यावी, प्रशिक्षित परिचारिकेला धक्का देण्याचा आणि पहिली औषधे सुरू करण्याचा लेखी अधिकार असावा, परीक्षा भारतीय भाषांत देता यावी, आणि तिमाही सरावाची नोंद मानांकनाच्या तपासणीत कार्डांच्या संख्येऐवजी पाहिली जावी, या चार गोष्टी त्या निकषांत घालण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची प्रतीक्षा करावी लागत नाही. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा जागृती सप्ताह येईल. त्या आठवड्यात मंत्रालयाच्या प्रांगणाबरोबर एखाद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील रात्रपाळीलाही कोणी भेट द्यावी, कार्टचा खण उघडावा, आणि फळी व स्टूल कोठे ठेवले आहे ते ड्युटीवरच्या सिस्टरना विचारावे.